लिलावातला स्टार ट्रेकचा फेझर खरंच सेटवरचा आहे हे कसं ओळखायचं?

ठाणेकर_सॅनहोजे

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा ठाण्याचा, आता सॅन होजेला असतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं, बाबांनी ते शेजाऱ्यांच्या टीव्हीवर दारात उभं राहून बघितलंय, आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता. नंतर केबल आल्यावर मी आणि बाबा नेक्स्ट जनरेशन, म्हणजे स्टार ट्रेकचीच पुढची मालिका, बघायचो, आई ताटं वाढून हाका मारायची आणि आम्ही त्यातल्या कॅप्टन पिकार्डचं बोलणं संपेपर्यंत उठायचो नाही. पुढच्या वर्षी बाबांना ७५ पूर्ण होतायत. त्यांच्या हातात एकदा तरी त्या सेटवरची खरी वस्तू द्यायची असं मनात आहे, दुकानातली रेप्लिका नको.

तर इथल्या एका लिलावात एक लॉट आलाय. नेक्स्ट जनरेशनचा हातातला फेझर, म्हणजे त्यातली किरणांची बंदूक, स्टंटवाला, म्हणजे आतून भरीव, रबरासारखा, लाइट वगैरे काही नाही. एस्टिमेट ३ ते ५ हजार डॉलर. वर्णनात 'प्रॉडक्शन मेड' असं लिहिलंय, 'स्क्रीन यूज्ड' हा शब्द मी तीनदा शोधला, कुठेच नाही. सोबत दोन कागद मिळणार, एक लिलाववाल्यांचं स्वतःचं सर्टिफिकेट आणि एक पत्र, ज्यात सिरीयलवर काम केलेला एक माणूस म्हणतो की ही वस्तू मला शूटिंग संपल्यावर मिळाली.

माझ्यासाठी ही रक्कम छोटी नाही, बायकोशी बोलून वर्षभर बाजूला काढलेले पैसे आहेत. प्रश्न एवढाच की सर्टिफिकेट असताना अजून काय बघायचं असतं? फोटोवरून काही कळतं का? आणि प्रॉडक्शन मेड म्हणजे नक्की काय, खरा की अर्धा खरा? जाणकारांनी प्लीज सांगा, लिलाव १९ दिवसांनी आहे.

प्रॉपर्टीवाला_गोरेगाव

नमस्कार. मी मुंबईत आर्ट डिपार्टमेंटला २२ वर्षं काढली, आता गोदाम सांभाळतो, प्रॉपर्टी भाड्याने देतो. हॉलिवूडचं काम मी केलेलं नाही पण सेट सगळीकडे सारखाच चालतो म्हणून लिहितो.

आधी शब्दांचं बघू. एका सीनसाठी एकच वस्तू कधीच बनत नाही. क्लोजअपला जी हिरोच्या हातात दिसते ती वेगळी, चांगली रंगवलेली, लाइट लागणारी, तिला ते लोक हिरो प्रॉप म्हणतात. मागे उभ्या गर्दीच्या हातात किंवा कमरेला असते ती साधी. आणि मारामारीत, पडण्याझडण्यात, फेकाफेकीत वापरतात ती रबराची, आपल्याकडे सरळ डमी म्हणतात. आता दहा डमी ओतल्या तर त्यातल्या चार कॅमेऱ्यासमोर गेल्या, बाकीच्या सहा पेटीतच राहिल्या असं सर्रास होतं. त्या सहासुद्धा त्याच माणसाने, त्याच साच्यातून, त्याच सिरीयलसाठी बनवलेल्या, म्हणून त्या 'प्रॉडक्शन मेड'. खोट्या नाहीत. पण पडद्यावर गेल्या असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. 'स्क्रीन यूज्ड' म्हणजे गेली असं म्हणणं आहे. आणि 'स्क्रीन मॅच्ड' म्हणजे अमुक एपिसोडच्या अमुक फ्रेममध्ये हाच ओरखडा, हाच डाग दिसतोय, हे बघा, असं दाखवलेलं. तिन्हीच्या किमतीत फार फरक असतो. तुमच्या लिलाववाल्यांनी स्क्रीन यूज्ड लिहिलं नाही ही मला उलट चांगली खूण वाटते, जे दाखवता येत नाही ते त्यांनी लिहिलं नाही.

आता सर्टिफिकेट. भाऊ, कागद वस्तूला चिकटलेला नसतो, हे डोक्यात पक्कं ठेवा. कागद खरा आणि वस्तू दुसरीच हे होऊ शकतं, आणि कागद देणाऱ्याने मनापासून दिलेला पण त्यालाच चुकीची माहिती होती हेही होतं. स्टार ट्रेकचंच उदाहरण घ्या. २००६ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीज या लिलाव कंपनीने तीन दिवसांचा मोठा लिलाव केला होता, माल थेट सीबीएस पॅरामाउंट स्टुडिओच्या गोदामातला, साधारण हजार लॉट, एकूण ७० लाख डॉलरच्या वर विक्री झाली, एंटरप्राइज डी या यानाचं मोठं मॉडेल एकटंच ५ लाख ७६ हजाराला गेलं. म्हणजे याहून पक्का उगम कुठला असणार, मालक स्वतः विकतोय. तरी त्यातला एक ग्राहक नेक्स्ट जनरेशनमधल्या डेटा नावाच्या यंत्रमानवाची पत्ते खेळतानाची टोपी, ती पुढे झापड असते ती, सही घ्यायला डेटाचं काम करणाऱ्या ब्रेंट स्पायनरकडे घेऊन गेला आणि तो नट म्हणाला की खरी तर मी आधीच विकलीय. प्रकरण कोर्टात गेलं, लिलाववाले आपल्या मालाच्या बाजूने उभे राहिले. कोण बरोबर यात मी पडत नाही, कारण सेटवर तशा दोन किंवा तीन टोप्या असणारच, दोघंही खरं बोलत असतील. सांगायचं एवढंच की स्टुडिओच्या कपाटातून निघाली यावरून ती कुठल्या सीनची हे ठरत नाही.

म्हणून मी सर्टिफिकेटच्या आधी वस्तू बघतो आणि मग ती कोणाकोणाच्या हातातून आली ती साखळी बघतो. लिलाववाल्यांना लेखी विचारा की क्रूवाल्या माणसाने ही कधी घेतली, कोणत्या वर्षी, त्याच्याकडून थेट तुमच्याकडे आली की मध्ये कोणी होतं. आणि पत्रात या वस्तूचा फोटो आहे का? नुसतं 'एक फेझर' असं लिहिलेलं पत्र कुठल्याही फेझरसोबत देता येतं.

ठाणेकर_सॅनहोजे

दादा फार फार धन्यवाद, हे डमीचं आता नीट कळलं. पत्रात फोटो नाहीये, 'एक हँड फेझर' एवढंच आहे, तुम्ही म्हणालात ना अगदी तसंच, वाचून पोटात गोळा आला. मी त्यांना आज मेल टाकतो. एक विचारू का, स्क्रीन मॅच आपल्यासारखा माणूस घरी बसून करू शकतो का? माझ्याकडे सगळ्या सीझनच्या ब्लूरे आहेत.

विज्ञानकथावेडा_पुणे

मॅच करता येतो आणि तुमच्या बाबतीत नशीब चांगलं आहे. नेक्स्ट जनरेशन ३५ एमएम फिल्मवर शूट झालं होतं पण एडिटिंग टेपवर झालं, म्हणून जुन्या डीव्हीडीत सगळं धूसर दिसायचं. २०१२ ते २०१४ मध्ये ब्लूरे आली तेव्हा त्यांनी मूळ निगेटिव्ह शोधून पुन्हा स्कॅन करून सातही सीझन नव्याने जोडले. त्यामुळे आता हातातल्या वस्तूवरचा रंगाचा ओघळसुद्धा काही शॉटमध्ये दिसतो. हेच डीप स्पेस नाइन किंवा व्हॉयेजरची वस्तू असती तर अवघड होतं, त्या दोन्ही मालिका तशा पुन्हा स्कॅन झालेल्याच नाहीत, टेपवरच्या चित्रात ओरखडा आणि चित्राचा दाणा यात फरक करता येत नाही.

पण माझं मत थोडं वेगळं आहे, वरच्या दादांचा आदर ठेवून. ज्याने वस्तू बनवली तो माणूस जिवंत असेल तर त्याच्या शब्दाला मी सगळ्यात जास्त वजन देईन. वाह चँगने स्टार ट्रेकच्या मूळ मालिकेचे कम्युनिकेटर, म्हणजे हातातली बोलायची यंत्रं, स्वतःच्या हाताने बनवले, असा माणूस समोर बसून हे माझं आहे म्हणाला तर मी अजून काय मागू?

प्रॉपर्टीवाला_गोरेगाव

वेडा साहेब, वजन मीही देतो पण शेवटचा शब्द नाही. मी स्वतः २००३ साली एका सिनेमासाठी १४ तलवारी करून घेतल्या होत्या, गेल्या वर्षी एकाने त्यातली एक आणून दाखवली, मी बघताक्षणी आपलीच म्हणालो, आणि मग मुठीखालचा रिव्हेट बघितला तर आम्ही वापरलेला नव्हताच. चांगल्या मनाने, शंभर टक्के खात्रीने मी चुकीचं सांगितलं असतं. तीस वर्षांनी माणसाला आपण काय केलं ते आठवतं, या विशिष्ट तुकड्यावर केलं का ते नाही आठवत.

पडद्यावरच्या खुणा आणि वस्तू जुळवणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर ब्लेड रनरच्या पिस्तुलाची गोष्ट वाचा. सिनेमा १९८२ चा. हॅरिसन फोर्डच्या हातातलं हिरो पिस्तूल कुठे गेलं हे वर्षानुवर्षं चाहत्यांना माहीत नव्हतं, रबराचे डमी तेवढे फिरत होते. २००६ मध्ये अनाहाइमला वर्ल्डकॉन हे विज्ञानकथावाल्यांचं संमेलन भरलं तिथे काचेच्या पेटीत एक ठेवलं होतं. ते खऱ्या हत्यारांचे भाग जोडून बनवलेलं, स्टायर मॅनलिखर रायफलचा वरचा भाग आणि चार्टर आर्म्सच्या बुलडॉग रिव्हॉल्व्हरचा खालचा. लोकांनी फोटो काढले आणि सिनेमातल्या फ्रेमशी स्क्रू न् स्क्रू लावून बघितला. खरी हत्यारं असल्यामुळे प्रत्येक भागावर कारखान्याचं मशीनिंग, झीज, स्क्रूच्या डोक्याची खाच कुठल्या दिशेला थांबलीय, हे सगळं त्या एका वस्तूचंच असतं. जुळलं. २००९ मध्ये २ लाख ७० हजार डॉलरला गेलं. पेटीतल्या वस्तूला आधी कोणी नीट बघितलं आणि मग किंमत आली, हा क्रम बघा.

स्टार वॉर्समधल्या हान सोलोच्या पिस्तुलाचंही तसंच, ते मुळात माउजर सी९६ हे खरं पिस्तूल, लंडनच्या बॅप्टी या हत्यारं भाड्याने देणाऱ्या कंपनीचं. शूटिंग झाल्यावर वरची दुर्बीण वगैरे काढून पुन्हा भाड्याच्या मालात. आमच्या गोदामात अगदी हेच चालतं, आज पोलिसाच्या कमरेला गेलेलं उद्या गुंडाच्या हातात, त्यामुळे मला ते वाचताना फार जवळचं वाटलं. २०२२ मध्ये दहा लाख डॉलरच्या वर गेलं ते.

साचेवाला_सातपूर

नमस्कार, नाशिकला सातपूरला माझं रबर आणि पॉलियुरेथेनचं मोल्डिंगचं युनिट आहे, सिनेमातलं फार कळत नाही पण ठाणेकरांची वस्तू ओतीव आहे म्हणून माझ्या धंद्यातलं सांगतो.

एकाच साच्यातून निघालेल्या सगळ्या वस्तूंवर साच्याच्या खुणा सारख्याच येतात, जोडाची रेघ, साच्यातला ओरखडा, कोपऱ्यातला फुगवटा. म्हणून या खुणा पडद्यावर जुळल्या तर एवढंच कळतं की साचा तोच. तुकडा तोच का हे कळायला साच्याबाहेरच्या खुणा लागतात. ओतताना हवेचा बुडबुडा कुठे राहिला, रंग मारताना टेपच्या कडेखाली किती शिरला, स्टिकर किती तिरका बसला, आणि नंतर पडून-आपटून काय लागलं. बुडबुड्यावर मी जास्त विश्वास ठेवतो, दोन ओतीव मालांत एकाच जागी एकाच आकाराचा बुडबुडा येणं जवळजवळ अशक्य.

आता भीती कशाची असते, तर कोणीतरी खऱ्या तुकड्यावरूनच नवीन सिलिकॉनचा साचा काढतो आणि पुन्हा ओततो. तेव्हा मूळ तुकड्यावरचे ओरखडे, बुडबुडे सगळे नव्या मालात उतरतात, फोटोत हुबेहूब दिसतं. पण ओरखडा नीट बघायचा. खऱ्यावर ओरखडा रंगाला कापून गेलेला असतो, कड धारदार असते, आत खालचा थर किंवा नुसतं मटेरियल दिसतं. नकलेत तो ओरखडा आकारातच ओतला गेलेला, कडा किंचित गोल, आणि रंग त्या खाचेच्या आत पण गेलेला. भिंग घेऊन अर्धा मिनिट बघितलं की कळतं. दुसरं, पॉलियुरेथेन आणि रेझिन सेट होताना थोडं आकसतं, साच्यातून काढलेल्या मालावरून पुन्हा साचा काढला की माल मूळपेक्षा किंचित लहान भरतो. टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच, डोळ्याला दिसत नाही पण व्हर्नियरला दिसतं. म्हणून लांबी, रुंदी, जाडी तीन-चार ठिकाणी मोजून मागा, 'साधारण ९ इंच' नको, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या कुठल्या खात्रीच्या तुकड्याची मापं मिळाली तर ताडून बघता येईल.

तिसरं, वय. ३० वर्षांचं लवचीक पॉलियुरेथेन तसंच्या तसं राहत नाही. पिवळं पडतं, काही ठिकाणी चिकट होतं किंवा कडक होऊन बारीक चिरा जातात, आणि रंग वरून वेगळ्या गतीने म्हातारा होतो म्हणून वाकवायच्या जागी तडकतो. फोम लेटेक्स तर भुगा होऊन जातो. ९१ सालचा तुकडा नवीन गाडीच्या टायरसारखा मऊ असेल तर मी आधी विचारेन की हा कुठे ठेवला होता. थंड कोरड्या अंधाऱ्या पेटीत राहिला असेल तर चांगला राहू शकतो म्हणून लगेच खोटा नका म्हणू. उलटंही आहे, उन्हात ठेवून, ओव्हनमध्ये टाकून वय आणता येतं, पण मग सगळीकडून सारखं येतं. खरं वय एका बाजूला जास्त असतं, ज्या बाजूवर वस्तू पडून राहिली त्या बाजूला.

आणि पुढे कधी लाइटवाला हिरो तुकडा बघायला मिळाला तर आतला सर्किटबोर्ड बघायला मागा. बऱ्याच चिपवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ९१ च्या एपिसोडमध्ये ९६०७ लिहिलेली चिप असू शकत नाही. नंतर रिपेअर झाला असेल तर तसं वर्णनात लिहिलेलं हवं.

ठाणेकर_सॅनहोजे

साचेवाले साहेब, तुमचा रिप्लाय मी प्रिंट काढून ठेवलाय. व्हर्नियर ऑर्डर केला. लिलावाच्या आधी एकदा वस्तू प्रत्यक्ष बघायला मिळते असं त्यांनी सांगितलंय, लॉस एंजेलिसला, मी गाडीने जाणार आहे.

हर्टफर्डशरकर_ताई

अरे जाच, प्रत्यक्ष बघायला मिळत असेल तर फोटोवर अजिबात विसंबू नकोस. मी इंग्लंडमध्ये राहते, १५ वर्षं छोट्या छोट्या वस्तू जमवते, आणि एकदा सपाटून आपटलेय म्हणून कळकळीने लिहिते. एका विक्रेत्याकडून मी एका ब्रिटिश सायन्स फिक्शन मालिकेतला म्हणून कंट्रोल पॅनलचा तुकडा घेतला, ९०० पाउंड, होलोग्रामवालं सर्टिफिकेट, गोल शिक्का, सगळं. चार वर्षांनी विकायला काढला तेव्हा पहिल्याच माणसाने विचारलं की हे सर्टिफिकेट देणारा कोण. मी शोधत बसले, तर तो विक्रेता स्वतःच. म्हणजे ज्याने विकलं त्यानेच खरं आहे असं लिहून दिलं, आणि तोपर्यंत त्याचं दुकान बंद. नवऱ्याला सांगायला मला दोन आठवडे लागले. म्हणून तुझ्या दोन कागदांपैकी लिलाववाल्यांच्या कागदाला एकच प्रश्न विचार, उद्या खोटं निघालं तर पैसे परत देता का आणि किती वर्षांपर्यंत. ते नियम-अटींमध्ये लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, ते पान वाचल्याशिवाय बोलीचं बटण दाबू नकोस. वर्णनातला कुठला शब्द गॅरंटीखाली येतो आणि कुठला 'मत' म्हणून धरला जातो हेही तिथेच असतं.

आता हातांच्या साखळीबद्दल प्रॉपर्टीवाले दादांनी लिहिलंय त्यात भर घालते, कारण मी राहते तिथली एक गोष्ट आहे आणि मला ती फार आवडते. २००१ स्पेस ओडिसीमधलं चंद्रावर उतरणारं गोल यान आठवतंय ना, एरीज. शूटिंगनंतर बहुतेक सगळी मॉडेल्स नष्ट केली गेली असंच सगळे धरून चालले होते. आणि हे एक मॉडेल सत्तरच्या दशकात इथल्या हेमेल हेम्पस्टेडच्या एका चित्रकला शिक्षकाकडे आलं आणि त्यांच्याकडेच राहिलं. २०१५ मध्ये लिलावात आलं, ३ लाख ४४ हजार डॉलरला ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांच्या म्युझियमसाठी घेतलं. साखळी बघ किती छोटी आहे, स्टुडिओ, एक शिक्षक, लिलाव. मध्ये 'एका खासगी संग्राहकाकडून' असा धुक्याचा पट्टा नाही. रॉबी द रोबोचंही तसंच, १९५६ च्या फॉरबिडन प्लॅनेटचा, एमजीएमकडून निघून मोजक्याच मालकांकडे राहिला, सोबत सुटे भाग आणि स्टुडिओच्या लाकडी पेट्यासुद्धा होत्या. २०१७ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ५३ लाख ७५ हजार डॉलर. त्या पेट्या मला रोबोइतक्याच महत्त्वाच्या वाटतात, नकली रोबोसाठी कोणी साठ वर्षं पेट्या सांभाळत नाही.

आणि एक राहिलं, कोणीच लिहिलं नाही. खरी आहे हे ठरलं तरी विकणाऱ्याची आहे का? मूळ मालिकेतल्या एंटरप्राइज यानाचं तीन फुटी मॉडेल, लाकडी, स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरींच्या टेबलावर असायचं ते, त्यांनी पहिल्या सिनेमाच्या वेळी कोणाला तरी दिलं आणि ते परत आलंच नाही. ४० वर्षांहून जास्त काळ गायब. २०२३ मध्ये इबेवर हजार डॉलरपासून बोली लावून उगवलं, विकणाऱ्यांना कळलेलं सुद्धा नव्हतं काय आहे ते. चाहत्यांनी ओळखलं, लिस्टिंग काढलं गेलं, हेरिटेज या लिलाव कंपनीच्या लोकांनी तपासलं आणि २०२४ मध्ये रॉडनबेरींच्या मुलाकडे परत गेलं. तेव्हा समज कोणी लगेच विकत घेतलं असतं तर? मॉडेल शंभर टक्के खरं आणि तरी हातातून गेलं असतं. म्हणून तुझ्या पत्रवाल्या माणसाला ती वस्तू 'मिळाली' म्हणजे कशी मिळाली, प्रॉडक्शनने भेट दिली, विकली, की घरी नेली, हे विचार. सिरीयल १९९४ ला संपली, त्या वेळी बऱ्याच जणांना आठवण म्हणून वस्तू दिल्या गेल्या असतील, ते ठीकच आहे, पण तसं लिहून मिळू दे.

पैशांचं पण लक्षात ठेव, हातोडा पडतो ती किंमत तुझी किंमत नव्हे. वर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्यांचं घेणाऱ्याकडून कमिशन, लागतो, बऱ्याच ठिकाणी २५ टक्के किंवा जास्त, त्यावर तुमचा कॅलिफोर्नियाचा सेल्स टॅक्स आणि पॅकिंग. सगळं धरून सव्वाचार हजारावर थांबायचं ठरवलंस तर बोली ३ हजाराच्या आसपास थांबव.

विज्ञानकथावेडा_पुणे

ताई, पेट्यांचा मुद्दा फार आवडला. ग्रेग जाइन गेले तेव्हा त्यांच्या गॅरेजमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात, थर्माकोलच्या दाण्यांखाली, स्टार वॉर्सचं रेड लीडरच्या एक्स-विंग लढाऊ यानाचं मॉडेल सापडलं, ते आठवलं. २०२३ मध्ये ३१ लाख ३५ हजार डॉलर. तिथे मात्र पेटी साधी आणि माणूस मोठा, जाइन स्वतः मॉडेलमेकर, नेक्स्ट जनरेशनसाठी चार फुटी एंटरप्राइज त्यांनीच बनवलेलं. त्यांच्या घरात असणं हीच अर्धी साखळी. आणि एक्स-विंगवर रणगाड्यांच्या प्लॅस्टिक किटमधले बारीक बारीक भाग चिकटवलेले असतात, कुठला भाग कुठे हे चाहत्यांनी वर्षानुवर्षं नोंदवून ठेवलंय, तो नकाशा ताडायला तयारच होता.

प्रॉपर्टीवाले दादा, बनवणाऱ्याच्या शब्दाबद्दल मी माझं मत बदलतोय. तुमची तलवारीची गोष्ट वाचून दोन दिवस डोक्यात होती.

ठाणेकर_सॅनहोजे

मंडळी, जाऊन आलो. सहा तास जायला, सहा यायला, पण गेलो ते फार बरं झालं.

हातात घेतला तेव्हा पहिली दोन मिनिटं मी काहीच तपासलं नाही, नुसता धरून उभा होतो. मग साचेवाले साहेबांचा कागद काढला. डाव्या बाजूला पिवळेपणा स्पष्ट जास्त आहे, उजव्या बाजूला कमी. मुठीच्या वळणावर रंगाला बारीक तडे आहेत आणि तिथे खालचं मटेरियल दिसतं, रंग आत शिरलेला नाही. पुढच्या टोकाला एक ओरखडा आहे, कड धारदार. मागच्या बाजूला जोडाच्या रेघेजवळ दोन बुडबुडे आहेत, एक मोहरीएवढा आणि त्याच्या खाली एक अगदी टाचणीच्या टोकाएवढा. सगळ्याचे फोटो काढले आणि मापं घेतली, त्यांनी आडकाठी केली नाही.

मेलचं उत्तरही आलं. ते म्हणाले कुठल्या एपिसोडचा हे आम्ही सांगू शकत नाही, स्क्रीन मॅच केलेला नाही, म्हणूनच प्रॉडक्शन मेड लिहिलं. पत्र देणारा माणूस पाचव्या सीझनपासून शेवटपर्यंत कामाला होता, शेवटच्या आठवड्यात प्रॉडक्शनने वाटलेल्या वस्तूंमध्ये त्याला हा मिळाला, आणि तेव्हापासून त्याच्याच घरी आहे. मी ताईंनी सांगितल्याप्रमाणे हे सगळं पत्रात घालून, वस्तूचा फोटो जोडून पुन्हा सही करून द्याल का असं विचारलं, तो माणूस तयार झाला, कालच नवीन पत्राची कॉपी आली. नियम-अटींचं पान वाचलं, उगम खोटा निघाला तर पैसे परत, मुदत पाच वर्षं.

बोली ३ हजारावर थांबवायची हे बायकोने कागदावर लिहून फ्रिजला लावलंय.

एक सांगायचं राहिलं, सरप्राइज आता राहिलं नाही. मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर बाबांनी माझ्या टेबलावर बुडबुड्यांचे मोठे केलेले फोटो बघितले आणि विचारलं काय रे हे, मला खोटं बोलता आलं नाही. एक मिनिट ते गप्पच बसले. मग म्हणाले की ते दोन बुडबुडे मला व्हॉट्सॲपवर पाठव, पाचवा सीझन मी बघतो, सहावा आणि सातवा तू बघ. ब्लूरेचा एक सेट ठाण्याला भाच्यासोबत पाठवलाय. काल रात्री त्यांचा मेसेज आला, 'तिसरा एपिसोड झाला, अजून नाही, फेझर धरताना सगळे बोटं बरोबर त्याच जागी ठेवतात.' साचेवाले साहेब, आता मला सांगा, बोटांनी झाकला जाणारा भाग सोडून अजून कुठली खूण शोधायला सांगू त्यांना?

साचेवाला_सातपूर

टोकाजवळचा ओरखडा शोधायला सांगा, बोटं तिथे येत नाहीत. आणि कमरेला लावलेला असेल त्या शॉटमध्ये जोडाची रेघ कॅमेऱ्याकडे येते का तेही बघायला सांगा. काकांना माझा नमस्कार.